साक्ष

आमचा व्यवसाय कोणता, असें कोणीं विचारलें म्हणजे आम्ही अजूनहि अडखळतों. संगणकासाठीं कोड लिहितों असें सांगावें, तर तें अर्धेंच खरें. गेलीं बारा वर्षें आमच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनीं लिहिलेला कोड वाचण्यांत, आणि वाचून समाधान झालें म्हणजे त्याखालीं आपलें नांव घालण्यांत जातो. आमच्या शेजारीं एक निवृत्त सब-रजिस्ट्रार राहतात. पुण्यांतील बहुतेक पेन्शनर गृहस्थांप्रमाणें त्यांना दुसऱ्याच्या धंद्याची बारीक चौकशी करण्याचा नाद आहे. एके दिवशीं संध्याकाळीं आम्हीं त्यांना हें सारें समजावून दिलें, तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही दस्तावरचे साक्षीदार." आम्हीं मान डोलावली. त्यावर त्यांनीं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "पण साक्ष कसली? खरेदीखतावर साक्ष घालणारा एवढंच सांगतो, की लिहून देणाऱ्यानं माझ्यासमोर सही केली. आतला मजकूर खरा की खोटा, हे त्याच्या माथी नसतं. तुमच्याकडे कसं?"

आमच्याकडे तें नेमकें उलट आहे. सही कोणाची, हें यंत्रच टिपून ठेवतें. मजकूर खरा आहे, एवढ्याचीच साक्ष आम्हांस द्यावयाची असते. असें बोलून तर गेलों, पण घरीं परतल्यावर मन स्वस्थ राहीना. कारण अशी एक साक्ष आम्हीं एकदां दिली होती, कीं जिला खोटी म्हणतां येत नाहीं आणि खरी म्हणवत नाहीं.

तिची हकीगत सांगावयाची, तर आम्ही वाचतों तो कोड कशाचा, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एका मोठ्या संगणकाच्या पोटांत हल्लीं दहा-वीस संगणक नांदत असतात. हे दहा-वीस खरे नव्हेत. कोडानें उभे केलेले ते देखावे आहेत, आणि त्यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात. देखाव्यांतल्या संगणकाला मात्र आपण देखावा आहों याचा पत्ता नसतो. आपल्यापाशीं आपली स्वतःची डिस्क आहे अशीच त्याची समजूत असते. ती डिस्क म्हणजे वस्तुतः यजमान संगणकावरची एक फाइल. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानें २००३ सालीं क्यूएम्यू या नांवाचा जो कार्यक्रम लोकांपुढें ठेवला, त्याच्या घराण्यांतली फाइल घेतली तर तिची रचना समजावयास सोपी आहे. सारी फाइल सहसा ६४ किलोबाइटांच्या भूखंडांत मोजून टाकलेली असते. आणि पाहुण्या संगणकाच्या डिस्कवरील अमुक जागा फाइलींतल्या तमुक भूखंडावर आहे, असें सांगणारें दप्तर त्याच फाइलींत ठेवलेलें असतें. दप्तराचें एक पान म्हणजे एक भूखंड. एका नोंदीस आठ बाइट लागतात, म्हणून एका पानावर ८,१९२ नोंदी बसतात आणि तेवढ्यांत पाहुण्याच्या ५१२ मेगाबाइटांचा हिशेब होतो. कोणता भूखंड मोकळा आणि कोणता गुंतलेला, याची वही आणखी वेगळी. थोडक्यांत, तलाठ्याचें दप्तर. आमचे शेजारी येथवर अगदीं खूष होते.

तलाठी एकटा असेल तोंवर चिंता नाहीं. तो एक नोंद पुरी करील, मग दुसरी घेईल. डिस्क गरगर फिरणारी होती त्या काळीं तलाठी कितीहि सावकाश लिहो, खोळंबा डिस्कचाच असे. हल्लींच्या एन-व्ही-एम-ई जातीच्या डिस्कना नियमानें ६५,५३५ पर्यंत रांगांतून मागण्या घेण्याची मुभा आहे. मग एकट्या तलाठ्यापुढें लागलेली रांग डोळ्यांत खुपूं लागते. म्हणून तलाठी वाढवावयाचे. आमच्या भाषेंत त्यांना थ्रेड म्हणतात. आणि तलाठी दोन झाले, कीं दप्तराला कुलूप आलेंच. ज्याच्या हातीं किल्ली असेल त्यानेंच लिहावें.

पहिलें कुलूप नेहमीं मोठें असतें; सबंध वाड्याला एक. लिनक्सच्या गाभ्यांत असें एक महाकुलूप १९९६ सालीं बसलें, आणि तें पुरतें काढून टाकावयास २०११ साल उजाडलें. क्यूएम्यूच्या साठवणीच्या कोडांतलें एक जुनें कुलूप २०२४ च्या एप्रिलांत निघालेल्या नवव्या आवृत्तींत गेलें, आणि त्याच आवृत्तींत एका डिस्कच्या मागण्या अनेक थ्रेडांत वांटून देण्याची सोय आली. महाकुलूप काढावयास पंधरा वर्षें! ज्यानें असल्या कामांत कधीं हात घातला आहे, त्याला याचें आश्चर्य वाटणार नाहीं. कुलूप लावावयास एक दुपार पुरते. तें काढावयाचें तर त्याच्या भरंवशावर कोण कोण निर्धास्त झोंपलें आहे, हें घरोघर जाऊन विचारावें लागतें.

कुलूप म्हणजे काय, हें आम्हांस पुस्तकांपूर्वीं वडिलांनीं शिकविलें. ते मिरजेच्या बाजूस एकेरी मार्गावरील एका लहानशा स्टेशनांत मास्तर होते. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठीं दोन्ही टोंकांस टोकनाचीं यंत्रें असत. एका यंत्रांतून गोळा बाहेर निघाला, कीं तो कोणत्या तरी टोंकास परत आंत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. चामड्याच्या पिशवींत घालून, मोठ्या कड्याला अडकवून, तो गोळा ड्रायव्हरच्या हातीं जाई. आम्हां पोरांना त्या कड्याचें भारी अप्रूप. ड्रायव्हर मात्र पिशवी हातीं पडतांच गोळ्यावर कोरलेलें टप्प्याचें नांव वाचीत असे. त्याच मार्गावर तो वर्षानुवर्षें येत-जात होता, गोळा देणारे आमचे वडील त्याच्या ओळखीचे, यंत्रानें भलताच गोळा देणें जवळजवळ अशक्य; तरी तो वाचीच. पुढें कॉलेजांत आम्ही डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा याचें नांव वाचलें. एकाच वस्तूवर अनेकांची झोंबाझोंबी होऊं नये म्हणून १९६० नंतरच्या दशकांत त्यानें जें साधन योजिलें, त्याला त्यानें रेल्वेच्या सिग्नलाचेंच 'सेमाफोर' हें नांव दिलें आहे. तें वाचून आम्हांस घरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें होतें. फरक एकच, पण तो फार मोठा. रेल्वेच्या गोळ्यावर टप्प्याचें नांव कोरलेलें असतें. आमच्या कुलपांवर कांहीं कोरलेलें नसतें.

कुलपांत बदल करणारा फेरफार वाचणें इतर कोड वाचण्याहून निराळें आहे, तें यामुळें. एरवीं हिशेब बरोबर कीं चूक, हें त्या त्या ओळींतच पुष्कळसें दिसतें. येथें पुढ्यांतल्या चाळीस ओळी निर्दोष असतात. दोष असतो तो फेरफारांत मुळीं न आलेल्या चाळीस हजार ओळींत, जेथें कोणी तरी कधीं काळीं मनांत धरलेलें असतें, कीं हें कुलूप बंद असतांना आपल्याला कोणी धक्का लावणार नाहीं. आणि हें त्यानें लिहून ठेवलेलें नसतें, कारण त्याला तें उघडच वाटलेलें असतें. कित्येक ठिकाणीं तर कुलूपच नसतें. एकच तलाठी आळीपाळीनें अनेक कामें चालवी, आणि डिस्कची वाट पाहण्याची वेळ आली म्हणजेच हातांतलें काम बाजूस ठेवी. तेव्हां ज्या दोन ओळींमध्यें वाट पाहणें नव्हतें, त्या दोन ओळी कुलपाशिवायहि सुरक्षित होत्या. पुढें त्या दोहोंच्या मध्यें कोणी एक निरुपद्रवी दिसणारी ओळ घालतो, तिच्या पोटांत खोल कोठें तरी वाट पाहणें असतें, आणि न लावलेलें कुलूप तुटतें.

कुलपें दोन झालीं कीं नवशिक्याला भीति वाटते ती डेडलॉकची. एका जावेनें पाटा धरून ठेवला आणि दुसरीनें वरवंटा, आणि दोघीहि एकमेकींची वाट पाहत बसल्या, तर त्या घरीं चटणी व्हावयाची नाहीं. १९७१ सालीं कॉफमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं हा पेंच पडावयास चार गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात. त्यांतली एक मोडली तरी पुरे. व्यवहारांत सर्वांनीं आधीं पाटा आणि मग वरवंटा असा क्रम पाळला, कीं बहुतेक काम भागतें. लिनक्समध्यें तर २००६ पासून असा एक पहारेकरी आहे, कीं तो कुलपें घेण्याचा क्रम टिपीत राहतो आणि पेंच प्रत्यक्ष पडण्यापूर्वींच ओरडतो. खरें सांगावयाचें तर डेडलॉकची आम्हांस फारशी धास्ती नाहीं. तो प्रामाणिक रोग आहे. यंत्र जागच्या जागीं थिजतें, लोक फोन करतात, कोणतें कुलूप कोणाच्या हातीं आहे तें पाहतां येतें, आणि डिस्कवरचा मजकूर सहसा शाबूत असतो.

भय आहे तें दुसऱ्या रोगाचें. दोघे एकदम आंत शिरले आणि कोणालाच कळलें नाहीं, हा तो रोग. शंभर वेळां चांचणी घ्या, शंभरहि वेळां ती उतरते. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिका व कॅनडा मिळून सुमारें पांच कोटि लोक अंधारांत गेले. ओहायोंतील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा त्या दुपारीं मुकाट्यानें बंद पडली होती, आणि तासाहून अधिक वेळ तें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. पुढें कित्येक आठवडे कोड चाळल्यावर जें कारण सांपडलें, तें हेंच: दोन कामें एकाच क्षणीं एकाच माहितीवर लिहावयास गेलीं होतीं.

आतां ती साक्ष. नऊ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां ज्या कंपनींत होतों, तिचा साठवणीचा कोड स्वतःचा होता. क्यूएम्यूहून निराळा, पण वर सांगितलेल्याच वळणाचा. आमच्या हाताखालीं एक तरुण नुकताच आला होता. सांगलीकडचा, बोलणें थोडें, हात जलद. पाहुण्यानें कांहीं लिहावयास दिलें, कीं तें कोणत्या भूखंडावर जावयाचें, याचा क्रमांक दप्तरांत पाहावा लागतो. आमच्या जुन्या कोडांत क्रमांक पाहिल्यापासून मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत किल्ली एकाच्याच हातीं राही आणि बाकीचे तिष्ठत उभे. या तरुणाचें म्हणणें असें, कीं क्रमांक पाहून होतांच किल्ली सोडावी. उतरविण्याचें काम किल्लीवांचून व्हावें. नवा भूखंड घेण्याच्या वेळचा गुंता त्यानें नीट संभाळला होता. फेरफार ३८ ओळींचा. तीन दिवस चांचण्या झालेल्या. वेग जवळजवळ दुप्पट. आमच्याकडे पाठवितांना त्यानें खालीं एक प्रश्न लिहिला होता: "सर, मजकूर उतरत असताना भूखंड जागचा हलू नये, म्हणून आणखी कोणी या कुलपावर अवलंबून नाही ना?"

गणपतीचे दिवस होते आणि घरीं पाहुणे होते. तरी आम्हीं फेरफार दोनदां वाचला. प्रत्येक वाटेनें जातां किल्ली परत ठेवली जाते का, मध्येंच चूक उद्भवल्यास कुलूप बंदच राहून जातें का, दोन कुलपांचा क्रम पाळला आहे का, हें सारें पाहिलें. त्याच्या प्रश्नापुढें "नाही" असें लिहिलें, आणि खालीं नांव घातलें.

अवलंबून होतें. महिन्यांतून एकदां मध्यरात्रीं एक काम चालत असे: फाइलभर विखुरलेले भूखंड अलीकडे ओढून शेवटची रिकामी जागा यजमानाला परत करण्याचें. हें काम एक भूखंड उचली, त्यांतला मजकूर दुसरीकडे ठेवी, दप्तरांत नवा क्रमांक लिही आणि जुना भूखंड मोकळा म्हणून जाहीर करी. सारें किल्ली हातीं असतांना, म्हणून निर्धोक. आतां असें होऊं लागलें, कीं एकानें दप्तरांत सतरा हा क्रमांक पाहिला, किल्ली सोडली आणि तो मजकूर घेऊन निघाला. तेवढ्यांत सतरावा भूखंड हलला, मोकळा झाला, दुसऱ्या कोणाला दिलाहि गेला. आणि पहिला गृहस्थ जुन्या उताऱ्यावर विसंबून परक्याच्या जमिनीवर घर बांधून मोकळा झाला. एकाचें लिहिणें हरवलें, दुसऱ्याचें पुसलें गेलें. दप्तर तपासावें तर निर्मळ. एकाहि नोंदींत चूक नाहीं.

सात महिन्यांनीं एका तालुक्याच्या गांवच्या पतसंस्थेंतून तक्रार आली. कर्जखात्यांच्या कांहीं नोंदी उघडेनात, कांहीं उघडत पण त्यांत भलत्याच खात्याचे आंकडे निघत. रोज रात्रीं घेतलेल्या बॅकअपांनीं बिघडलेला मजकूरहि इमानेंइतबारें उतरवून घेतला होता. सुमारें तीन आठवड्यांचा व्यवहार संस्थेच्या माणसांनीं कागदी पावत्यांवरून पुन्हां भरला. आठ दिवस रात्रीं बसून. तेथल्या हिशेब ठेवणाऱ्या बाई फोनवर आम्हांस रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "पावत्या ठेवल्या होत्या म्हणून बरं. नाहीतर खातेदारांना काय तोंड दाखवलं असतं?"

चौकशीची बैठक झाली. वरिष्ठांनीं विचारलें, हा फेरफार कोणाचा? तो तरुण म्हणाला, "माझा." आणि आम्ही गप्प बसलों. भूखंड हलविण्याचा तो मध्यरात्रींचा कोड सहा वर्षांपूर्वीं आम्हींच लिहिला होता. लिहितांना कुलपावर भिस्त ठेवली होती, आणि तशी एक ओळहि वर टिपून ठेवली नव्हती. त्या तरुणाला ती गोष्ट ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. साऱ्या कंपनींत ती ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्यालाच त्यानें विचारलें होतें. बैठकींत हें आम्हांस आठवत नव्हतें, असें म्हणावयाची सोय नाहीं. अगदीं स्पष्ट आठवत होतें. साक्षीदाराचें नांव कोणीं वाचून दाखविलें नाहीं, आणि वीस मिनिटांत बैठक उठली.

ती रात्र कशी गेली, याचें वर्णन करण्यांत अर्थ नाहीं. सकाळीं आम्हीं बैठकींतल्या सर्वांना पत्र लिहिलें, त्यांत प्रश्न आणि आमचें उत्तर दोन्ही जसेंच्या तसें घातलें, आणि जुना कोड कोणाचा तेंहि लिहिलें. दुपारीं तो तरुण आमच्या टेबलापाशीं आला. आभार मानावयास आला असेल, अशी आमची समजूत. मनुष्य अशा वेळींहि किती आशाळभूत असतो पाहा! तो म्हणाला, "सर, त्या फाइलीच्या माथ्यावर तुमचं नाव मी बैठकीच्या आधीच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

एवढें बोलून तो गेला. पुढें वर्षभरांत त्यानें ती कंपनी सोडली; तिच्या दुसऱ्या वर्षीं आम्हींहि.

तेव्हांपासून आम्ही स्वतः लिहिलेल्या प्रत्येक कुलपावर तें कशाची राखण करतें आणि कोण त्याच्या भरंवशावर आहे, हें लिहून ठेवतों. क्यूएम्यूच्या मंडळींनीं २०२२ च्या सुमारास याच्याहि पुढें पाऊल टाकलें. अमुक काम करतांना अमुक कुलूप हातीं असलेंच पाहिजे, अशी पाटी त्यांनीं कोडांतच लावण्यास आरंभ केला, आणि ती पाटी कंपायलर स्वतः वाचतो. कुलूप न घेतां कोणी तें काम बोलावूं लागला, तर जागच्या जागीं हटकतो. गोळ्यावर टप्प्याचें नांव कोरण्यासारखेंच हें झालें, आणि आम्हांस तें फार आवडतें. मात्र लिहिणाराला जें आठवलें तेंच पाटीवर येतें. त्या मध्यरात्रींच्या कोडावर पाटी लावावयास आम्हांला कोणीं अडविलें नव्हतें.

तो तरुण आतां तरुण राहिलेला नाहीं. तो दूरदेशीं असतो, आणि जगांतल्या अनेकांनीं मिळून चालविलेल्या साठवणीच्या कोडांत त्याचें नांव मानानें घेतात. आमचे फेरफार कधीं त्याच्याकडे वाचावयास जातात, त्याचे कधीं आमच्याकडे येतात. आमच्या एका फेरफारावर त्यानें अठरा प्रश्न विचारले होते. त्यांपैकीं चार आम्हांस उगाच वाटले आणि एकानें आमची लाज राखली. जुन्या गोष्टीचा उल्लेख त्यानें कधीं केला नाहीं, आम्हींहि नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्याचा एक फेरफार आमच्याकडे आला. अकरा ओळी. एक कुलूप आतां लागत नाहीं, म्हणून काढलें आहे. आणि खालीं नेहमींप्रमाणें एक प्रश्न. तें कुलूप जेथें जेथें घेतलें जातें अशा सत्तावीस जागा आहेत. त्या एकेक उघडून, वरखालीं वाचून, आम्ही कागदावर खूण करीत बसलों आहों. काल संध्याकाळीं शेजारच्या सब-रजिस्ट्रारांनीं गॅलरींतून विचारलें, "काय, झाली का साक्ष घालून?"

आम्हीं म्हटलें, "आठ जागा राहिल्या आहेत."